चुकलेल्या सभासदाबाबत मंडळीची लेखी पद्धत कशी असावी?

सदर_सेक्रेटरी

सलाम सर्वांना.

आमच्या पास्टोरेट कमिटीला (मंडळीचा, म्हणजे चर्चचा, स्थानिक कारभार बघणारी समिती) पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे दोन पानांची लेखी पद्धत ठेवायची आहे. सभासदाच्या हातून गंभीर चूक झाली तर कोणी, काय आणि किती दिवसांत करायचं, एवढंच त्यात हवं. मराठी उपासना, दीडशेच्या आसपास घरं, पाळकसाहेब एकच आणि त्यांच्याकडे आणखी दोन ठिकाणच्या उपासना.

कमिटीत सरळ दोन तट आहेत. एक तट योहान ८ उघडतो: व्यभिचारात धरलेल्या स्त्रीवर येशूने कोणाला दगड टाकू दिला नाही, मग आपण न्याय करणारे कोण? दुसरा तट त्याच प्रसंगातलं शेवटचं वाक्य दाखवतो: जा, यापुढे पाप करू नको. दर बैठक इथेच अडते आणि चहा येतो.

डोळ्यांसमोर असलेली प्रकरणं अशी: फंडाच्या पैशात घोळ, घरातली मारहाण, दारू, आणि लग्नाचे प्रश्न (आधीचं लग्न मोडलेलं नसताना दुसरं घर मांडणं, परधर्मीय जोडीदाराशी रजिस्टर लग्न वगैरे). सगळ्यांना एकच नियम चालेल का? प्रभुभोजन (उपासनेतला भाकर आणि प्याल्याचा विधी) बंद करावं का, केलं तर किती दिवस? "प्रेमाने घ्या" हे कृपया सांगू नका, ते सगळ्यांना मान्यच आहे. प्रेमाने घ्यायचं म्हणजे सोमवारी सकाळी काय करायचं ते सांगा.

निवृत्त_पाळक_विदर्भ

सलाम सेक्रेटरीसाहेब.

अर्धी करुणा आणि अर्धं तत्त्व असा मध्य काढायला गेलात की अपराध अर्धा झाकला जातो आणि माणूस अर्धा तोडला जातो. इथे कामं दोन आहेत. नुकसान थांबवणं हे एक, ते त्याच आठवड्यात आणि न कचरता करायचं. माणसाला परत उभं करणं हे दुसरं, त्याला महिने लागतात. बऱ्याच मंडळ्या नेमकं उलटं करतात: हिशेब दोन वर्षं लांबवतात आणि माणसाला मात्र एका रविवारी वाळीत टाकतात.

मत्तय १८ मधली तीन पायऱ्यांची रीत (आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीला) सगळ्यांना पाठ असते, पण ती पंधराव्या वचनापासून सुरू होते. अध्यायाचा आरंभ लहानग्यांपासून आहे, त्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात बांधायच्या जात्याच्या तळीपासून. मग हरवलेलं मेंढरू. मग ही रीत. आणि लगेच पेत्राचा प्रश्न, किती वेळा क्षमा करू. दुबळ्याचं रक्षण, मग शोध, मग रीत, मग क्षमा. तुमची दोन पानं ह्याच क्रमाने लिहा.

पहिल्या पानावर सर्वांत वर काय लिहाल? ह्या पद्धतीत काय येत *नाही* ते. कोणी बौद्ध सोयऱ्यांबरोबर दीक्षाभूमीवर गेलं, कोणी पोळ्याला शेजाऱ्याकडे पुरणपोळी खाल्ली, कोणाच्या मुलीने हातावर गोंदवून घेतलं, कोणी वर्गणी भरली नाही. हे रोमकरांस १४ चे विषय आहेत, शिस्तीचे नाहीत. जेवणाबद्दल तर पौलाने १ करिंथ १०:२७-२९ मध्ये अगदी पंगतीतला नियम दिला आहे: वाढलं ते विचारपूस न करता खा, पण कोणी मुद्दाम "हे नैवेद्याचं आहे" म्हणालं तर त्याच्या विवेकासाठी थांब. ही यादी आधी लिहिली नाही तर पुढची सगळी पद्धत सासूसुनांच्या आणि निवडणुकीच्या भांडणात वापरली जाते.

आता तक्रार आली की काय. तक्रार लेखी आणि सहीची हवी. निनावी पत्र आपल्याकडे नवीन नाही; त्यातली गोष्ट कागदावरून तपासता येण्यासारखी असेल (पावतीबुक, बँकेचं स्टेटमेंट) तर तपासा, नसेल तर फाइल करून विसरा. मंडळीचे वडील (कारभारासाठी नेमलेले ज्येष्ठ सभासद) किंवा पाळकांवरच्या आरोपाला १ तीमथ्य ५:१९ दोन-तीन साक्षी मागतं. पुढचंच वचन मात्र दोष सिद्ध झाल्यावर सर्वांदेखत बोल लावायला सांगतं. पहिलं वचन वापरून दुसरं गाळण्याची खोड फार जुनी आहे.

सात दिवसांच्या आत दोघांनी भेटायला जायचं. घरी, पण जेवणाच्या वेळी नाही आणि मुलांदेखत नाही. कोण दोघं? नातेवाईक नकोत, आणि निम्मी मंडळी एकमेकांची सोयरी असताना हे वाटतं तितकं सोपं नाही, म्हणून चार-पाच नावांचं पॅनल वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवा. निदान दोन बायका त्यात हव्यात. भेटीत आरोप पूर्ण सांगायचा, कोणी केला तेही सांगायचं (मारहाण आणि लहान मुलांची प्रकरणं सोडून, त्यांचा मार्गच वेगळा, वकीलसाहेब सांगतीलच). उत्तराला दहा दिवस. त्या दहा दिवसांत कमिटीत चर्चा नाही आणि वेदीवरून टोमणे तर मुळीच नाहीत. राजा दाविदाला त्याचं पाप दाखवायला संदेष्टा नाथान त्याच्याकडे स्वतः गेला होता. त्याने उपासनेत दाखला सांगून दाविदाकडे बघितलं नव्हतं.

दोष मान्य झाला किंवा पुराव्याने ठरला, की तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा: पद, प्रभुभोजन आणि मंडळीतली जागा. सगळा घोळ ह्या तिन्हींची मोट बांधण्यातून होतो. पद लगेच काढता येतं आणि ते शिक्षा म्हणून नव्हे, विश्वासाचं काम म्हणून. क्षमा झाली तरी खजिनदाराच्या हाती परत तिजोरीची किल्ली द्यायला कोणी बांधलेलं नाही. प्रभुभोजन थांबवणं ही मधली पायरी, ती ठरावीक काळापुरती. मंडळीतली जागा काढणं शेवटचं, आणि तो अधिकार तुमच्या डायोसिसच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) घटनेत कोणाकडे आहे ते आधी वाचून घ्या. पास्टोरेट कमिटी स्वतःच्या ठरावाने ते करू शकते असं गृहीत धरू नका.

२९ नोव्हेंबर १९७० ला इथेच नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा मंडळ्या मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. त्यांतल्या दोघींच्या जुन्या रिती ह्या कामी उपयोगी आहेत. प्रेस्बिटेरियन बाजूला समज देणं, काही काळ प्रभुभोजनापासून थांबवणं आणि शेवटी मंडळीबाहेर ठेवणं अशा चढत्या पायऱ्या होत्या, आणि निर्णय एकट्या पाळकाचा नसे, वडिलांच्या सभेचा असे. अँग्लिकन बाजूला १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात सूचना आहे की उघड दुराचरणी किंवा एकमेकांशी वैर धरून बसलेल्यांना पाळकाने मेजावर येऊ देऊ नये, मात्र असं कोणाला परत पाठवलं तर १४ दिवसांच्या आत बिशपला कळवलंच पाहिजे. त्याच सूचनेत हेही आहे की भांडणातला एक जण मनापासून क्षमा करायला तयार असेल आणि दुसरा हट्टाला पेटला असेल, तर तयार असलेल्याला येऊ द्यावं, हट्टी माणसाला थांबवावं. दोघांनाही सारखंच थांबवून "आम्ही निःपक्षपाती" म्हणणं तेव्हाही चालत नव्हतं. ही १४ दिवसांची अट तुमच्या कागदात जशीच्या तशी घाला. वर कळवावं लागणार म्हटलं की पाळकही रागाच्या भरात कोणाला अडवत नाही.

किती दिवस ह्याचं उत्तर: तारीख लिहूनच थांबवायचं. तीन महिने, मग आढावा, गरज पडली तर आणखी तीन. अटी कागदावर चारच असाव्यात: काय बंद आहे, भेटायला कोण दोघं आणि किती दिवसांनी येणार (पंधरवड्याला एकदा पुरे), भरपाई काय, आढाव्याची तारीख कोणती. "पश्चात्ताप दिसेपर्यंत" असं लिहू नका. तो कोणाला दिसायचा हे ठरत नाही आणि माणूस वर्षानुवर्षं मागच्या बाकावर लटकत राहतो. १ करिंथ ५ मध्ये पौल एकाला बाहेर काढायला सांगतो आणि २ करिंथ २:६-८ मध्ये म्हणतो, झाली ती शिक्षा पुरे, आता त्याला धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. दोन्ही ठिकाणचा माणूस एकच का, ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण शिक्षेला शेवट असतो हे त्यातून पक्कं कळतं.

आणि काही गोष्टी कधीच बंद करायच्या नाहीत, हे दुसऱ्या पानावर ठळक लिहा. उपासनेला येणं. आजारपणातली भेट. त्याच्या लेकरांचं संडे स्कूल. आणि दफन. वर्गणी थकली किंवा कमिटीशी भांडण आहे म्हणून कबरस्तानची जागा अडवण्याचे प्रकार होतात. प्रेत घरात ठेवून थकबाकीची पावती फाडायला लावणं ह्याला शिस्त म्हणत नाहीत.

मोहननगरची_ताई

पाळकसाहेब, सगळं पटलं, पण तुमच्या अख्ख्या उत्तरात ज्याने चूक केली तोच मधोमध बसून आहे. त्याला किती दिवस, त्याच्याकडे कोण जाणार, त्याला धीर कसा द्यायचा. जिचे दात पडले तिच्याकडे कोण जाऊन राहिलं? पहिली भेट तिच्याकडे, त्याच दिवशी. त्याच्याकडे सात दिवसांत गेलात तरी चालते.

मारहाणीत मत्तय १८ ची पहिली पायरी लावूच नका. "ताई, तू आधी एकटी जाऊन त्याला समजाव" हे एका बाईला सांगणं म्हणजे तिला पुन्हा मार खायला धाडणं आहे. दोघांना समोरासमोर बसवून प्रार्थना करून समेट घडवणंही नको. ती त्याच्यासमोर खरं बोलत नाही, काहून की रात्री घरी त्याच्याच संगं जायचं असते. मग लोकं म्हणतात, बघा, तिची तर काहीच तक्रार नव्हती.

महिला मंडळाच्या दोघींनी तिला वेगळं भेटायचं, तिच्या घरी नाही. विचारायचं ते सरळ: आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का? मुलं कुठे आहेत? आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे शाळेचे कागद, औषधं हे एका पिशवीत घालून विश्वासाच्या घरी ठेवता येईल का? महिला हेल्पलाइन १८१ आणि पोलिसांची ११२ तिच्या फोनमध्ये दुसऱ्या नावाने सेव्ह करून द्यायची, कारण फोन तो तपासतो. लागलं असेल तर मेयो किंवा मेडिकल ह्या सरकारी दवाखान्यात नेऊन कशाने लागलं ते खरं लिहून घ्यायचं. "बाथरूममध्ये पडली" असं एकदा केसपेपरवर आलं की पुढे वकीलही हात टेकतात. आणि पुढे काय करायचं ते तिने ठरवायचं. तिला ओढून ठाण्यात नेणं हीही जबरदस्तीच, फक्त जिवाचा धोका असेल किंवा लेकरांना मार बसत असेल तेव्हा थांबायचं नाही.

क्षमेबद्दल एक. तिने क्षमा करणं आणि तिने परत नांदायला जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तिची आणि देवाची. दुसरी त्याच्या वागण्यावर ठरते, आणि त्याला सहा महिने तरी बघावं. तो चर्चमध्ये पुढे येऊन रडला म्हणून ती घरी परत गेली असं होऊ देऊ नका. रडणं खरं असू शकते. पण दारू सोडली का, पगार घरात येतो का, तिच्या माहेरचा रस्ता मोकळा आहे का, हे बघा.

आणि तो "प्रार्थनेचा विषय" बंद करा बाप्पा. "अमक्या ताईच्या घरी फार मोठं संकट आहे, नाव सांगत नाही, सदरच्याच आहेत, मोठा मुलगा इंजिनीअरिंगला, प्रार्थना करा." ग्रुपवर अर्ध्या तासात सगळ्यांना घर कळते. पद्धतीत लिहा की चालू प्रकरणावर ग्रुपमध्ये विनंती टाकायची नाही, आणि कोणी टाकली तर ॲडमिनने ती काढून त्याला फोन करायचा, ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही.

कडबी_चौक_वकील

ताईंच्या मुद्द्यापासून सुरू करतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, कायदेशीर प्रक्रियेशिवाय राहत्या घरातून तिला हुसकता येत नाही, मग ते घर सासऱ्याच्या नावावर का असेना. फी नाही म्हणून अडायचं कारण नाही: विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा न्यायालयातल्या कार्यालयात अर्ज करायचा.

लहान मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचा नुसता संशय जरी असला तरी तुमची दोन पानं बाजूला ठेवा. पॉक्सो कायदा, २०१२, कलम १९: ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हाच कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत. कमिटीची अंतर्गत चौकशी नको, मुलाला चार जणांसमोर पुन्हा पुन्हा विचारणं नको, "दोन्ही घरांची अब्रू" नको. १०९८ ला (चाइल्डलाइन) फोन, पोलिसांत लेखी कळवणं, संबंधिताला त्याच दिवशी मुलांच्या प्रत्येक कामातून दूर करणं. आणि ज्याच्याकडे लोक मन मोकळं करायला येतात त्याने ऐकण्याआधी सांगून ठेवावं: लेकराला किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल ते मी पोटात ठेवू शकणार नाही. आधी "कोणाला सांगणार नाही" असा शब्द देऊन मग अडकतात.

पाळकांवरच स्त्रीची तक्रार असेल तर स्थानिक कमिटीने निवाडा करू नये. बिशपकडे लेखी जावं. ती स्त्री तिथे कामाला असेल तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा लागतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत.

आता पैसे. संशय आला त्या दिवशी ठराव करून सही बदलायची आणि बँकेला पत्र त्याच दिवशी पोचतं करून शिक्का घ्यायचा. मग चार कागद एकत्र मांडा: पावतीबुकाच्या स्थळप्रती, रविवारच्या अर्पणाचं रजिस्टर, कॅशबुक, बँकेचं स्टेटमेंट. घोळ साधारण तीन जागी सापडतो. पावती फाडली पण कॅशबुकात नाही. कॅशबुकात आहे पण बँकेत भरणा पंधरा दिवस उशिरा, म्हणजे मधल्या काळात पैसा वापरला गेला. किंवा व्हाउचर आहे पण त्याला बिल नाही. कोऱ्या पावतीबुकांचेही नंबर जुळवा, एखादं पुस्तक गायब असतं. हे काम कमिटीबाहेरच्या हिशेबनिसाकडून करून घ्या आणि खजिनदाराला समोर बसवा. निम्म्या वेळा चोरी नसतेच, नुसता गलथानपणा असतो, आणि ते सिद्ध होणं हाही त्याचा हक्क आहे.

चोरी निघाली तर कमिटीतले कनवाळू लोक म्हणतात, जाऊ द्या, आपण क्षमा केली. मंडळीचा फंड नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टचा असेल तर तो पैसा तुमचा नाही, त्यामुळे तो माफ करण्याचा अधिकारही तुमचा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, त्याखाली ऑडिटरला वसूल न केलेल्या रकमा आणि गैरखर्च अहवालात दाखवावेच लागतात. ज्याला दया दाखवायची आहे त्याने स्वतःच्या खिशातून रक्कम भरावी. कायदाही खूश आणि शास्त्रही. परतफेडीचा कागद करताना रक्कम, हप्ता, तारीख लिहा. चाळीस हजार असतील तर दोन-दोन हजारांचे वीस हप्ते. त्याच्या पगाराबाहेरचा हप्ता ठरवला की तिसऱ्या महिन्यात तो थकतो आणि तोंड चुकवून उपासनेलाच यायचा बंद होतो. "पैसे परत केले तर तक्रार करणार नाही" असं मात्र त्या कागदात लिहू नका. पैसे परत आले म्हणून विश्वासघाताचा गुन्हा आपोआप पुसला जात नाही.

निवृत्त_पाळक_विदर्भ

ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, क्रम तुमचाच ठेवा. वकीलसाहेबांच्या हप्त्यांना जोड म्हणून: लेवीय ६:५ मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा आहे, जकातदार जक्कयाने येशूसमोर चौपट कबूल केलं. हे सक्तीने लावू नका. पण स्वतःहून "वरचे आठ हजार गरीब फंडात भरतो" म्हणणारा माणूस आणि दर हप्त्याला हुज्जत घालणारा माणूस ह्यांच्यातला फरक आढाव्याच्या वेळी जमेस धरा.

सेमिनरी_हिल्स_कॅथलिक

आमच्याकडची मांडणी थोडी वेगळी आहे, पण लग्नाच्या प्रश्नात उपयोगी पडेल.

पहिलं लग्न कायम असताना दुसरा संसार मांडलेली जोडपी ही सगळीकडेच अवघड जागा. त्यांना हाकलायचं नाही हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्येच लिहिलं: ती मंडळीतून तुटलेली नाहीत, उपासनेला यावं, प्रार्थना करावी, मुलांना श्रद्धेत वाढवावं, मात्र ख्रिस्तप्रसाद (तुमचं प्रभुभोजन) नाही. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक प्रकरण वेगळं तपासून सोबत चालण्यावर भर दिला. सोडून दिलेली बाई आणि सोडून जाणारा पुरुष ह्यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हा त्यातला व्यवहाराचा भाग तुमच्या कमिटीलाही घेता येईल. जोडप्याला बोलावलं की विचारायचे प्रश्न ठरलेले ठेवा: पहिलं लग्न कोणत्या विधीने, ते मोडायला कारण कोण, पहिल्या घरच्या मुलांचा खर्च कोण करतं, कोर्टात काय चालू आहे, आत्ताच्या घरात लहान मुलं आहेत का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कोणीच नाही" असेल तर आधी ते मार्गी लावा, प्रभुभोजनाचं नंतर.

इथे एक गल्लत नेहमी होते. आमच्या धर्मन्यायालयाने पहिलं लग्न मुळात वैध नव्हतं असा निर्णय दिला, की लोकांना वाटतं झालं, मोकळे. २०१५ पासून तो निर्णय लवकर लागतो, कारण दुसऱ्या न्यायालयाच्या मंजुरीची सक्ती निघाली. पण सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं आहे की अशा निर्णयाने दिवाणी कायद्यातलं लग्न संपत नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली कोर्टाचा हुकूमनामा लागतोच. परस्परसंमतीचा मार्ग त्यात २००१ पासून आहे. त्याशिवाय चर्चमध्ये दुसरं लग्न लावलं तर द्विभार्येचा गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद. म्हणून बॅन्स (चर्चमधली लग्नाची जाहीर सूचना) वाचण्याआधी हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल बघा, झेरॉक्स नव्हे.

परधर्मीय जोडीदाराशी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करून आलेल्या मुलामुलींना मात्र वरच्या रांगेत बसवू नका. ते कोणाला फसवत नाहीत. त्यांच्याशी बोलायचं ते मुलांच्या वाढीबद्दल आणि घरातल्या प्रार्थनेबद्दल, आणि तेही लग्न होण्याआधी. नोटिशीचे ३० दिवस असतात, तेवढ्यात फादर किंवा पाळक एकदा तरी दोन्ही घरी जाऊन चहा घेऊन येऊ शकतात.

मेडिकल_समुपदेशक

दारूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

रोज भरपूर पिणाऱ्याला उपासप्रार्थनेत बसवून एका दिवसात सोडायला लावू नका. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि ४८ ते ९६ तासांत भ्रम, थरथर, ताप. ह्यात माणूस दगावतो. ज्याला लोक "अंगात आलं" समजतात ते कित्येकदा हेच असतं. आधी मेयो, मेडिकल किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत दाखवा, शपथ नंतर. जवळ कोणी झोपणारं हवं, विशेषतः तिसऱ्या रात्री.

प्याल्यात खरा द्राक्षारस देत असाल तर सावरणाऱ्या माणसाने फक्त भाकर घ्यावी, किंवा सगळ्यांनाच बिनदारूचा रस द्या. दुसरं बरं, कारण मग कोणाकडे बोट दाखवलं जात नाही. पुन्हा प्याला तर लपवू नये एवढी एकच अट ठेवा. घसरण्याला शिक्षा लावली की तो खोटं बोलायला शिकतो. पण नशेत घरी हात उचलला तर ते दारूचं प्रकरण राहत नाही, ताईंनी लिहिलं तिकडे जातं.

सदर_सेक्रेटरी

सर्वांचे आभार. मसुदा लिहायला घेतला आहे. दोन गोष्टी राहिल्या. सभेत जाहीर करायचं असेल तर नेमके शब्द काय असावेत? आणि समज देताच माणूस उठून पुढच्या गल्लीतल्या फेलोशिपमध्ये जाऊन बसला तर?

कडबी_चौक_वकील

आरोप वाचू नका, निर्णय वाचा. "श्री. अमुक आजपासून खजिनदार नाहीत. हिशेबाचं काम अमुक बघतील. कोणाला जुन्या पावतीबद्दल शंका असेल तर पंधरा दिवसांत पावती घेऊन सेक्रेटरींना भेटावं." बस. "अपहार", "व्यभिचार" असे शब्द नोटीस बोर्डावर गेले की उद्या बदनामीची फिर्याद तुमच्यावर येते आणि मूळ प्रकरण बाजूला पडतं. मिनिट्समध्येही ठराव तेवढाच. तपशील बंद पाकिटात, दोन सह्या करून, पाळकांच्या कपाटात. मारहाणीच्या आणि मुलांच्या प्रकरणात पीडिताची ओळख पटेल असं एक अक्षरही वाचायचं नाही.

निवृत्त_पाळक_विदर्भ

बंदी उठवण्याची घोषणाही तेवढ्याच मोठ्याने, त्याच जागेवरून करा. थांबवल्याचं अख्ख्या मंडळीला कळतं आणि परत घेतल्याचं फक्त कमिटीला, असं फार होतं. शक्य तर प्रभुभोजनाच्याच रविवारी, आणि त्याला पहिल्या रांगेत एकटं उभं न करता. भेटायला जाणारे दोघं त्याच्या दोन्ही बाजूंना असावेत.

पुढच्या गल्लीत गेला तर मागे लागू नका, पण प्रकरण बंदही करू नका. तिथल्या पाळकांनी सभासद-बदलीचं पत्र मागितलं तर खोटी शिफारस देऊ नका आणि सूडही उगवू नका. "अमुक बाबीत आमच्याकडे पद्धत अर्धवट राहिली आहे, त्यांच्या परवानगीने तपशील सांगू" एवढं लिहा. लहान मुलांना धोका असेल तिथे मात्र परवानगीची वाट बघायची नाही, तिथल्या पाळकांना त्याच दिवशी फोन. पैशाचे हप्ते चालूच राहतात, मंडळी बदलली म्हणून देणं बदलत नाही. आणि पंधरवड्याची भेट त्याने नको म्हणेपर्यंत चालू ठेवा. २ थेस्सल ३:१५ शत्रू समजू नका, भाऊ समजून बोध करा म्हणतं, आणि भाऊ दुसऱ्या गल्लीत राहायला गेला तरी त्याच्या आईच्या मयतीला आपण जातोच.

अजून एक, मसुद्यात घालाच: कमिटीच्या निवडणुकीआधीच्या तीन महिन्यांत नवीन प्रकरण उघडून कोणाचं नाव मतदारयादीतून काढायचं नाही. पैसे, मारहाण आणि मुलं एवढेच अपवाद.

मोहननगरची_ताई

पॅनलमधल्या दोन बायकांची नावं महिला मंडळानेच द्यायची, कमिटीने निवडायची नाही, हेही लिहा. नाहीतर सेक्रेटरींच्या आणि खजिनदारांच्या बायका येतात.